उलटतपासणीची तालीम

३ जून
कायद्याचं दुसरं वर्ष संपलं आणि सुट्टीत माझ्या वाट्याला काय — युनियनच्या कचेरीत चहाचे कप विसळणं! वकीलबाई म्हणाल्या, "आधी बायांचं ऐक. कलमं कुठे पळून जात नाहीत." आई म्हणाली, "नसती उठाठेव!" शिवणाच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं मान खाली घालून बसलेली, दुसरं काय म्हणणार!

७ जून
आज कचेरीत एक मावशी आल्या. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कंपनीत त्या इस्त्रीवर होत्या. बायकांना एकत्र केलं म्हणून काढलं. कारण दाखवलं — सुपरवायझरशी भांडण. सोमवारी कामगार कोर्टात साक्ष आहे. साक्षीत गडबडल्या तर नोकरी गेलीच.

वकीलबाईंनी मला कंपनीचा वकील केलं. "वाईटात वाईट विचार. तालीम आहे."

मी ऐटीत — "बायकांना तुम्हीच भडकवलंत ना?"

"भडकायला त्या काय स्टोव्ह आहेत?"

सगळे खो खो हसले. मला चेव चढला. "नवरा पितो ना तुमचा? घरचा राग सुपरवायझरवर काढलात!"

मावशी उठून बाहेरच गेल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. जरा वेळाने तोंड धुऊन आल्या, समोर बसल्या. "हां. परत विचार."

काय बाई आहे!

जेवताना आईला सांगितलं. घास तसाच हातात धरून म्हणाली, "मग? परत विचारल्यावर काय म्हणाली ती?"

८ जून
दिवसभर तेच विचारलं. आता आवाज माझाच कापतो, मावशींचा नाही.

९ जून
कंपनीच्या वकिलाने अगदी तोच प्रश्न टाकला! मावशी शांतपणे — "हो, पितो. त्याचं मी बघेन. मला का काढलं, ते तुम्ही सांगा." वकीलसाहेब नुसते कागद चाळत बसले. मला तर उठून शिट्टी मारावीशी वाटली!

आईने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

२० जून
कंपनीने मावशींना परत घेतलं!! कचेरीत आल्या त्या थेट कामाच्या कपड्यांतच. माझा गाल ओढून म्हणाल्या, "तुझ्यापुढे तो वकील म्हणजे अगदीच गरीब गाय होता गं." मोठेपणी मला मावशींसारखं व्हायचंय.

२७ जून
आज आईला कामावरून काढलं. बायकांना गोळा करत होती म्हणे — माझी आई! मला पत्ताच नाही! घरी आली ती समोर खुर्ची ओढून बसली. "हं. तू हो कंपनीचा वकील."

मी ओढणीने डोळे पुसले.

"रडतेस काय? दाराशी कारखान्यातल्या चौघीजणी थांबल्यात. माझं झालं की त्यांना विचार."