झऱ्याला लोखंड लावू नकोस

सूर्यमाळ

प्रिय धनेश,

तू, मी आणि पाड्यावरची प्रत्येक बाई एकाच विहिरीच्या पाण्यावर वाढलो, आणि ती विहीर खोल करायला आलेल्या ठेकेदाराने सुरुंग लावून मारली. विहिरीतल्या झऱ्याचा गाळ हातानेच काढायचा, लोखंड लावायचं नाही, ही आपली रीत. सुकीकाकी ठेकेदाराला आडवी गेली, तेव्हा तूच हसून म्हणालास, "काकी, खोल गेलं की पाणी वाढतं. विज्ञान आहे ते."

ती म्हणाली, "तुझा विज्ञान पाणी भराया येल का रं?"

खडक फुटला आणि झरा भलतीकडे गेला. आज काकी टँकरमागे धावते.

आता तू पाणबुडीत बसून समुद्राच्या तळाशी जाणार. तुमच्या कंपनीला काढायचे असलेले तिथले धातूचे गोटे वाढायला लाखो वर्षं लागतात आणि त्यांच्यावर जीव जगतात, हे मी वाचलंय. तुमचे साहेब म्हणतात, तिथे कुणी राहत नाही. आपल्या डोंगराबद्दलही साहेबलोक हेच म्हणत आले. माणूस सहा हजार मीटर खाली पोचतो, पण सूर्यमाळला नळ चढत नाही, याचा मला संताप येतो.

आई म्हणते, "बुडी मारायच्या आधी त्याला घोर नको लावू." म्हणून तू सुखरूप वर येईपर्यंत हे पत्र पाठवत नाही. ही बुडी नुसती पाहणीची आहे. पुढच्या खेपेला तळ खरवडायचं यंत्र जोडतील, तेव्हा ते चालवायला नकार दे.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझी वाट पाहणारी,
कविताताई