रॉडची तडतड न ऐकता शिकलेले वेल्डिंग

शुक्रवार, २७ ऑगस्ट २०२१, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. तेवीस उमेदवारांचा निकाल लागला.

यू-छिंग,

"आजोबा, फोन करू नका, तोंडावर तर मुळीच सांगू नका, लिहून ठेवा आणि बाहेर जा," असे तू बजावले होतेस. त्याप्रमाणे लिहितो आहे.

लेखी परीक्षेत तुला शहाण्णव गुण आहेत. "तुमचे मास्तर एकदाच दाखवायचे, माझे हवे तितक्यांदा दाखवतात," हा तुझा टोमणा मला मान्य आहे. धातूंचा अभ्यास तुझा माझ्यापेक्षा पक्का झाला.

काल तुझ्या ऑनलाइन वर्गाचे चित्रण मी प्रथमच लक्षपूर्वक पाहिले. मास्तर वेल्डिंग करता करता बोलत होते. पण रॉडची तडतड ऐकूच येत नव्हती. ते ॲप तिला गोंगाट समजून गाळून टाकते. रॉड पत्र्यापासून किती दूर धरायचा, हे आम्ही कानाने ठरवायचो. आवाज बदलला की हात सावरायचा. तुला तो आवाज मिळालाच नाही, आणि कार्यशाळेला साथीमुळे कुलूप होते.

गोदीतल्या तुझ्या नोकरीसाठी मुकादम चुआंग यांना मी विनवून पाहिले. ते म्हणाले, "काका, आजपर्यंत जागा धरून ठेवली. साठ गुणांच्या खाली मला नाही हो घेता येत. दुपारी दुसरा मुलगा येतोय."

डुकराच्या पायांचा रस्सा आणि शेवया कुकरमध्ये आहेत. आनंदासाठी केल्या होत्या, तरीही खा. मी सहापर्यंत परतणार नाही.

तुझे आजोबा

प्रात्यक्षिकाचे गुण : शंभरपैकी एकतीस.