मनाईचा धडा

इंदोरा, नागपूर
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय जया,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडी पडल्यापासून तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तुझ्या लग्नाच्या लाडवांसाठी डिंक निवडायला तिला खालीच बसायचं असतं. माझी कोराडीच्या वीजकेंद्रातली ड्यूटी नेहमीसारखी. घरी यायचं, कॉलरवरची राख झटकायची आणि तू पाँडिचेरीहून पाठवलेला फ्रेंचचा धडा उघडायचा.

हा मनाईचा धडा वाचून मी थक्क झालो. सिगारेट ओढू नका एवढंच सांगायचं, तर 'देफांस द फ्युमे' वेगळं, 'इल ए तँतेर्दी' वेगळं आणि विनंतीच्या सुरात 'प्रिएर द न पा फ्युमे' वेगळं! तू सांगितल्याप्रमाणे प्रत्येकापुढे इंग्रजी लिहिलं: नो स्मोकिंग, इट इज फॉरबिडन, प्लीज डू नॉट. नाकारण्यात एवढी कलाकुसर मी दुसरीकडे पाहिली नाही.

प्रश्न आहे तो शेवटच्या वाक्याचा. 'इल न फो पा फेर द दिस्कूर ओ मारियाज.' तूच शिकवलंस की 'इल फो' म्हणजे गरज आहे. त्यात नकार घातला की गरज नाही, सरळ हिशोब. म्हणून मी लिहिलं, 'लग्नात भाषण करायची गरज नाही', इंग्रजीत 'नीड नॉट'. मला हसू आलं. कामठीच्या विणकरांच्या सभेत माझा आवाज बसला होता, हे आईनं तुला कळवलं असणार. पोरीला बापाच्या घशाची काळजी, असं वाटलं. मग तर भाषण करायचंच ठरवलं! तेही फ्रेंचमध्ये, तुझ्या सासऱ्यांसमोर. ते फ्रेंच फौजेत होते. समता आणि बंधुता हे शब्द त्यांच्या कानाला नवे नसतील.

ते भाषण तपासून घ्यायला काल धरमपेठेत मार्तंड सरांकडे गेलो. ते कॉलेजात फ्रेंच शिकवतात. सोबत तुझा धडाही नेला होता.

"भाषण दमदार आहे, शालिकरामजी," ते म्हणाले, "पण धड्यातलं हे वाक्य चुकलं. 'इल न फो पा' म्हणजे 'नीड नॉट' नाही, 'मस्ट नॉट'. करू नये."

"काहून? 'इल फो' म्हणजे गरज ना?"

"हो."

"मग नकार दिला का गरज नाही. तर्कशास्त्र सांगते."

"तर्कशास्त्र तुमच्या बाजूनं आहे हो. फ्रेंच नाही!"

मी पुस्तक दाखवा म्हटलं. त्यांनी दाखवलं. मग हसत म्हणाले, "पण 'लग्नात भाषण करू नये' हे वाक्य मोठं झकास! कोणी निवडलं?"

"माझ्या मुलीनं."

ते हसायचे थांबले आणि आत चहा सांगायला गेले.

घरी आलो तर तुझी आई विचारते, "काहून जी, तोंड उतरलं? पोरीनं नापास केलं का?"

मी सगळं सांगितलं. तिची बोटं डिंकातच होती.

"तुमी माइक पाह्यला का छप्पन सालापासून सुरू होता. भेली असन पोरगी."

"कशाले भ्यावं तिनं?"

"मले नका इचारू. तिले इचारा."

म्हणून विचारायला बसलो, तर गोंधळलोच. हजारो माणसांसमोर माझी जीभ कधी अडखळली नाही, आणि एका पोरीला पत्र लिहिताना हा तिसरा कागद आहे. ते वाक्य नुसतं उदाहरण असेल का? धड्यात काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं असशील? पण लग्नात भाषण करणारा माणूस आपल्या ओळखीत दुसरा कोण आहे? आणि आपलं मराठी तरी कुठे सोपं आहे! 'बाबा, एवढ्या दूर यायला नको' यात माया असते. हेच 'यायला नको' कोणी दाराआडून बोललं, तर त्यात माया नसते. तुझं 'नको' यांतलं कोणतं, हे मला कागदावरून ऐकू येत नाही.

माझ्या लहानपणी गावच्या विहिरीवर पाटी नव्हती. मनाई लिहावीच लागली नाही, आम्हाला ती पाठ होती. आम्ही ती मोडली. तू पाठ करावी म्हणून मोडली नाही, जया.

बरं, आता विचारतो. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, सवेरीच्या घरी माहीत आहे का आपण कोण ते? त्याला तू सांगितलं असशील, एवढा माझा विश्वास आहे. त्याच्या वडिलांना? की 'नागपूरचे आहेत' एवढ्यावरच भागवलंस? माझ्या भाषणाचं पहिलंच वाक्य तुला माहीत आहे: आम्ही कोण होतो आणि छप्पन साली बाबासाहेबांसोबत कोण झालो. तेच तर तुला अडवायचं नाही ना?

भाषण मी आणणार नाही. दिवस तुझा आहे. पण तुझ्या सासऱ्यांनी शेजारी बसवून विचारलं, तुम्ही कोण, तर मी सांगेन. आणि मोठ्यानं सांगेन, हळू बोलणं मला कधी जमलंच नाही. हे तुला चालणार नसेल, तर मला येऊ नका म्हण. मी रागावेन, पण येणार नाही. आईला एकटी पाठवीन.

मात्र ते फ्रेंचमध्ये लिहू नकोस, इंग्रजीतही नको. तिथे माझी चूक होते. सायकलच्या दांड्यावर बसून माझ्याशी भांडायचीस, त्या बोलीत लिही: 'बाबा, तुमी येऊ नका.' याचा अर्थ मी चुकीचा लावणार नाही.

बोलणं थांबवून तुझ्याकडे कान लावलेला,
तुझा बाबा
शालिकराम