‘हो’ येईपर्यंत

रविवार, ९ मार्च

प्रिय काका,

सादर नमस्कार. जखम आता पूर्ण कोरडी असेल, असं धरून चालते. बुटाच्या टोकात बसवायचा तुकडा मिळाला का? सुरुवातीला त्याच्या कडा टोचतात म्हणे. घासून घ्या, उगाच सोसत बसू नका.

इकडे ठीक. बाजारपेठेतल्या जुन्या लिफ्टचे दोर बदलून झाले. तुमचा पान्ह्यांचा डबा माझ्या कपाटात आहे. कुणाला हात लावू दिलेला नाही.

एक बातमी आहे, हसू नका. मी नाच शिकते आहे. जोडीने करायचा, वॉल्ट्झ. दर शनिवारी सकाळी, आमच्या गल्लीच्या टोकाच्या सभागृहात. तुम्ही म्हणायचात, ‘आमच्या बाई चालतात तेसुद्धा मोजपट्टी धरून.’ ती मोजपट्टी घेऊनच गेले. तुमच्या अपघातापासून लिफ्टच्या पॅनेलचं बटण मी दाबलेलं नाही. ते काम मी दुसऱ्यांना देते आणि कारण वेगळंच सांगते. जिथे एकही बटण नाही, अशी जागा हवी होती.

माझा जोडीदार पन्नाशीचा दंतवैद्य आहे. एक-दोन-तीन मोठ्याने मोजतो आणि वळण घेण्याआधी सांगतो, ‘दुखलं तर डावा हात वर करा.’ पहिल्या महिन्यात मी त्याचे पाय इतक्या वेळा तुडवले, की तो म्हणाला, ‘माझे पेशंट माझ्यावर असाच सूड घेत असतील.’ मी खूप हसले. किती महिन्यांनी हसले, तेही घरी येऊन मोजलं.

या नाचात बाईला बहुतेक वेळ उलटं चालावं लागतं. मागे बघायचं नाही. जोडीदाराच्या हाताचा दाब येईल तेव्हाच पाऊल उचलायचं. मला पावलं आठवड्यात पाठ झाली, थांबणं जमेना. शिकवणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका, जीभ धारदार. सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘अहो, उतावळ्या नवरीबाई, तो अजून विचार करतोय आणि तुम्ही पोचलातसुद्धा! त्याचं मन तुम्हाला आधीच कळतं का?’

सगळे हसले. मी मात्र चपला घातल्या आणि घरी आले.

तीन महिन्यांनी, म्हणजे गेल्या आठवड्यात, ते जमलं. मी थांबले. एक पूर्ण ठोका काहीच झालं नाही, मग पाठीवर हलका दाब आला आणि मी गेले. सभागृहाला चार फेऱ्या झाल्या. काका, खरं सांगते, इतकं हलकं मला शाळा सुटल्यापासून वाटलं नव्हतं. ज्याच्या पायाची तीन बोटं गेली, त्याला मी पावलांचं कौतुक सांगते आहे, हे मला कळतं. पण तो एक ठोका सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

तुम्हाला अपघाताच्या दिवसाचा शेवट आठवत नाही, म्हणून क्रमाने लिहिते. लिफ्टच्या छतावरची बटणपेटी बिघडली होती. तुम्ही छतावर होता आणि केबिन मी मशीन रूममधून हलवत होते. मध्ये फक्त फोन. नियम तुमचाच. तुम्ही सांगायचं, मी तेच परत म्हणायचं, तुम्ही ‘हो’ म्हणायचं, मगच बटण. तुम्ही म्हणालात, ‘खाली, एक वीत.’ मी म्हटलं, ‘खाली, एक वीत.’ सकाळपासून चाळीस वेळा यानंतर तुमचं ‘हो’ आलं होतं. एकेचाळिसाव्यांदा मी ते धरून चालले. बटण दाबलं. तुम्ही अजून केबिनच्या कडेवरचा पाय आत घेत होता.

‘हो’ आलं नव्हतं, काका.

चौकशीत मी ते ऐकलं असं लिहून दिलं. दवाखान्यात तुम्ही आधी विनोद केलात, ‘आता नखं कापायची सातच.’ मग हळूच विचारलंत, ‘बाई, मी हो म्हटलं होतं ना?’ मी ‘हो’ म्हटलं. क्षणाचाही विचार न करता. आणि तुम्ही जबाबात सांगितलंत, ‘म्हणालो असेन. जिभेला वळण पडलंय.’

बाहेर काकू चहा ओतताना म्हणाल्या, ‘यांनी घाईने हो म्हटलं? लग्नाला हो म्हणायला आठ महिने लावले या माणसाने.’ मी कप खाली ठेवला आणि बस पकडायची आहे म्हणून निघाले. बस नव्हती. चालत गेले.

आता नव्या तुकडीला तुमचा अपघात धडा म्हणून शिकवतात. फळ्यावर लिहिलेलं असतं, ‘मेकॅनिकने घाईने होकार दिला.’ तीस वर्षं ज्याने हा नियम शिकवला त्याच्याबद्दल! मी मागच्या बाकावर बसून ते वहीत उतरवून घेतलं, ‘हो’ आलंच नव्हतं हे माहीत असताना.

शुक्रवारी नवा जबाब साहेबांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला. ‘याने तुमचं काय होईल ते ठाऊक आहे ना?’ ठाऊक आहे. गुरुवारी समिती बसेल. तुमचं नाव त्या ओळीतून जाईल आणि शिक्षा म्हणून तुम्हाला स्टोअरमध्ये बसवायचं कारण उरणार नाही. प्रत सोबत आहे. तुम्हाला आधी विचारलं नाही. तुम्ही म्हणाला असता, ‘जाऊ द्या हो बाई,’ आणि मी जाऊ दिलं असतं.

क्षमा पत्रात मागणार नाही, समोर येऊन मागेन. पण तुम्ही ‘या’ म्हटल्याशिवाय दार वाजवणार नाही. काकूंना हे पत्र वाचून दाखवा. त्यांचं बरोबर होतं, हे त्यांना कळायला हवं.

उत्तराला कितीही दिवस लागोत. या वेळी मी थांबले आहे.

तुमची,
इंजिनिअरबाई