इकडची चौथी फळी

दि. १७ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय धाकटे,
अनेक आशीर्वाद. लेकीला, जावयांना आठवण सांग. तुझं पत्र काल मिळालं. तुझा गुडघा कसा आहे? लेकीकडे लिफ्ट आहे हे बरं झालं, नाहीतर तीन मजले चढताना तुझी कठीण अवस्था झाली असती. आमची तब्येत ठीक. ह्यांच्या तळहातांना फोड आलेत, पण ऐकतील तर ना. सकाळी सात वाजले की छपरावर.

फोन करता आला असता, टॉवर आता सुरू आहे. पण फोनवर तू मध्येच "असू दे हो ताई" म्हणशील आणि मी तेवढ्यावर सुटेन. म्हणून कागद घेतला.

आधी बातम्या. वादळात आम्ही शाळेत तीन दिवस काढले. सातवीच्या वर्गात अठरा माणसं, दोन म्हाताऱ्यांचं घोरणं आणि एक बोकड, तो कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. चौथ्या दिवशी सरकारी जीपवाल्यांनी "आता जा" सांगितलं तेव्हा आम्ही चालतच निघालो. रस्त्यावर विजेचे खांब आडवे. इस्त्रीवाल्याची टपरी डॉक्टरीणबाईंच्या अंगणात जाऊन बसलेली, आतले कपडे घडी घातलेले तसेच. आपल्या गल्लीत वळलो आणि हे थांबले. आमच्या बाजूला आभाळ दिसत होतं. पत्रे एकूण एक गेलेले, भिंती उभ्या आणि आत गुडघाभर चिखल. माझं शिलाई मशीन उताणं पडलेलं. शिवायला आलेले कपडे पिंपळाला लटकत होते, लोकांचे झंपर ओळखून एकेक काढावे लागले.

आणि मधल्या भिंतीपलीकडे तुझी बाजू.

धाकटे, तुझ्या बाजूचा एक पत्रा हललेला नाही.

तुला मी फोनवर वेगळं सांगितलं होतं. "काही उरलं नाही गं, छप्पर गेलं, पाणी भरलं, येऊन काय बघणार" असं म्हणाले होते. ते कुठून बोलत होते माहीत आहे? तुझ्या स्वयंपाकघरातून. तुझ्या किल्लीने दार उघडून आत गेले होते. तू निघताना पालथा घातलेला कप तसाच पालथा होता. ओट्यावरची काडेपेटी उचलली, काडी ओढली, पहिल्या फटक्यात पेटली. त्या काडीचा मला इतका राग आला म्हणून सांगू. माझ्या घरात वीतभर कोरडी जागा नाही आणि हिच्या काड्यासुद्धा सादळल्या नाहीत. चहाचं आधण ठेवलं आणि तेवढ्यात तुझा फोन आला. तू विचारलंस, "ताई, माझ्या बाजूचं काय?" तोंडातून जे निघालं ते निघालं. तू रडलीस. मी चहात साखर घातली.

दुसऱ्या दिवशी खरं सांगेन म्हटलं. मग तिसऱ्या. मग तुझं हे पत्र आलं. त्यात तू लिहिलंस, आता परत येऊन काय करू, लेकीने खोली दिली आहे, माझ्या बाजूची जागा तुम्हीच घ्या, मोकळं घर बांधा. खाली एकच ओळ, ह्यांचा रेडिओ सापडला का, मोडका असला तरी चालेल. भाऊजींचा रेडिओ फळीवर आहे तिथेच आहे. रोज सकाळी आम्ही त्यावर हवामानाच्या बातम्या ऐकतो. आम्ही दोघं तुझ्याच घरात राहतोय, तुझ्या पलंगावर झोपतो, तुझ्या पातेल्यात भात शिजवतो. ह्यांना वाटतं तुला हे सगळं ठाऊक आहे. रोज विचारतात, "धाकटी कधी येते?" मी म्हणते, लेक सोडत नाही.

तू म्हणशील, ताईने असं का केलं. खरं तर तू म्हणणार नाहीस, तुझा तो स्वभावच नाही. त्याचंही मला पोटात दुखतं.

तू या घरात आलीस तेव्हापासून दुखतं. माझ्या हातची भाजी बिघडली की सासूबाई बोलायच्या, तुझ्या हातची बिघडली की पाणी घालून वाढायच्या. भाऊजी गेले तेव्हा मी तुझ्यासाठी रडले, अगदी मनापासून रडले. पण त्यानंतर ह्यांनी तुझा नळ आधी बघायचा, तुझं पावसात फुगलेलं दार आधी घासायचं, तुझ्या बाजूचं कौतुक करायचं, हे बारा वर्षं मी पाहिलं. वाईटसाईट काही नव्हतं, ते मला ठाऊक आहे. पण बघणाऱ्याचे डोळे जळतातच.

त्या दिवशीही तेच. भोंगा वाजला, सहा तासांत घरं सोडा म्हणाले, आणि हे शिडी घेऊन आधी तुझ्याकडे. लेकीची गाडी यायची होती, तुझं आधी उरकायला हवंच होतं, हे आज कळतं. तेव्हा मी खिडकीतून बघत होते. तू शिडी धरलेली, हे वरून फळ्या ठोकताहेत, आणि तुम्ही दोघं कशाला तरी हसलात. वादळ येतंय आणि हसताहेत.

मग हे आमच्याकडे आले. खिडक्यांच्या फळ्या ह्यांनी मापाने कापून ठेवल्यात, लाल रंगाने 'इकडची १', 'तिकडची १' असं लिहिलेलं, तुला माहीतच आहे. तीन लावल्या आणि आत येऊन विचारलं, "इकडची चौथी कुठे गेली?"

मी तिच्याच शेजारी उभी होते. गेल्या वर्षी हे कामावर गेलेले असताना मी ती फळी ह्यांच्याच करवतीने कापून कापड बेतायचं टेबल केलं होतं. वरून मेणकापड ठोकलं, म्हणून ह्यांना कधी कळलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर काहीतरी जोड देऊन बसवली असती त्यांनी. पण तुमचं ते हसू माझ्या कानात होतं. मी म्हणाले, "मला काय ठाऊक. तिकडे लावली असेल तुम्ही, घाईघाईत."

ते अर्धा तास शोधत राहिले. शेवटी कपाटाचं जुनं दार ठोकलं. वारा तिथूनच शिरला आणि पत्रे वर गेले.

शाळेत मी अठरा माणसांना सांगितलं की आमची फळी ह्यांनी भावजयीला दिली. हे मान खाली घालून ऐकत होते. खरंच आपण चुकलो असं त्यांना वाटत होतं गं.

परवा चिखल उपसताना त्यांनी ते टेबल सरळ केलं. मेणकापड फाटून गेलेलं. लाल अक्षरं वर. मी दारात होते. त्यांनी वाचलं, हाताने चिखल पुसून पुन्हा वाचलं, आणि फळी पालथी करून भिंतीला टेकवली. म्हणाले, "टेबल वाचलं तुझं." आणि छपरावर गेले. तेव्हापासून त्या फळीबद्दल एक शब्द नाही. ओरडले असते तर मी भांडले तरी असते.

फोनवर तुझ्याशी खोटं बोलले, तेही मी त्यांना आज रात्रीच्या जेवणाआधी सांगणार आहे. पण आधी तुला लिहिलं, कारण घर तुझं आहे. जागा आम्हाला नको. मोह झाला नाही असं लिहिणार होते, पण झाला. तुझं पत्र वाचून मधली भिंत पाडली तर केवढी मोठी खोली होईल, हे मी पावलं टाकून मोजलं. दोनदा.

लेकीकडे राहायचं असेल तर राहा, पण घर गेलं म्हणून राहू नकोस. घर गेलेलं नाही. आणि यायचं असेल तर लवकर ये. तू आलीस की हे शिडीवरून उतरून आधी तुझी पिशवी घेतील, मला ते दिसेल आणि मी आतल्या आत जळेन. साठीला आलेल्या बाईचा स्वभाव आता काही बदलायचा नाही. तरी ये. तू पलीकडे नसलीस तर मी हेवा कोणाचा करू, आणि मीठ संपलं तर हाक कोणाला मारू?

राग आला असेल तर इथे येऊन माझ्या तोंडावर बोल. मी ऐकून घेईन.

सध्या तुझ्याच घरात राहणारी,
तुझी थोरली जाऊ