ह्यांचा पिच्चर अन् ह्यांचा राजीनामा

४ जाने.
ह्यांनी शाळेचा राजीनामा लिहून कपाटात ठेवला. सोळा वर्षं गणित शिकवलं, आता पुण्याला जाऊन नट होणार म्हणे. दोस्त मिळून मारामारीचा पिच्चर काढायलेत, हिरो हेच. "पिच्चर बघ अन् खरं सांग. तू म्हणशील तसं." झालं. घातलं माझ्या गळ्यात.

७ जाने.
ष्टोरी अशी की गुंड इन्स्पेक्टरची बायको पळवतो. बायको व्हायला गावातली एकबी बाई तयार न्हाई. मीबी हात जोडले. शेवटी बायको नुसती फोनवर, आवाज माझा. पोळ्या लाटता लाटता "मला वाचवा हो" म्हणून दिलं. मधीच कुकरची शिट्टी. म्हणाले राहू दे, नॅचरल वाटतं. पळवलेल्या बाईला कुकर कुणी दिला, देव जाणे.

११ जाने.
येलदरीला शूटिंग. गुंड म्हणजे पिंगळीचा मारोती, शेळ्या राखतो. नुसतं बघितलं तरी काटा येतो अंगावर. ह्यांचं मात्र... रडायचं असो का मारायचं, तोंड पेपर तपासतानाचं. 

१२ जाने.
लय गोंधळ. आज मारोतीला मारायचं होतं. पाच गोळ्या घालून झाल्या अन् त्याची माय येऊन मधी बसली. "लेकाची सोयरीक चालू हाय. लग्नाआधी मेलेला दाखवायचा न्हाई."
हे म्हणाले, "मावशी, खोटं असतंय ते."
"खोट्यानंबी मरायचं न्हाई."
मग काय. गोळ्या खाल्लेला मारोती उठला, धूळ झटकली, "चुकलं गुरुजी" म्हणला अन् चालत घरी गेला. पिच्चरमधी हे इन्स्पेक्टर हायत, गुरुजी न्हाईत. तेबी तसंच ठेवलं. गणिताचा माणूस अन् हा हिशोब!

२६ जाने.
झेंडावंदन झाल्यावर समाजमंदिरात पिच्चर. खिडक्यांना चादरी लावल्या. मारोती दिसला की शिट्ट्या. माझ्या "वाचवा हो"ला शेजारच्या काकू रडल्या. ह्यांच्या रडण्याला सगळे हसले. लय वाईट वाटलं मला. गंगाखेडहून मारोतीची पाहुणेमंडळी आली होती. पोरीचा बाप म्हणला, "माफी मागून सरळ घरी गेला. वळणाचं पोरगं हाय." सोयरीक पक्की.

२७ जाने.
जेवताना ह्यांनी विचारलंच. "सांग आता."
सांगितलं. तुमाला न्हाई जमलं. ह्यांचा घास तसाच राहिला हातात. मला राहवलं न्हाई, मनातलं बोलून टाकलं. एकदा मी डबा द्यायला शाळेत गेले होते, खिडकीतून बघितलं होतं. वेगाचं गणित चालू होतं अन् हे एकटेच दोन आगगाड्या झाले होते. एक पिंगळीहून निघालेली, एक गंगाखेडहून. पोरं बाकावर उभी. तेव्हा मीबी डबा घेऊन तशीच उभी राहिले होते, पोळ्या गार होईस्तोवर. हे कधी सांगितलं नव्हतं.
"तिथं क्यामेरा नव्हता," एवढंच म्हणाले.

२८ जाने.
सकाळी चप्पल घालता घालता थांबले. "दोन्हीत कोणती गाडी चांगली झाली होती?"
म्हणलं, गंगाखेडची. पिंगळीची जरा घाई करत होती.
मान हलवली. राजीनामा कपाटातून काढला, पिशवीत टाकला अन् शाळेत गेले. देणार का फाडणार, सांगितलं न्हाई.
शाळा सुटून तास झाला. अजून आले न्हाईत.