सलामी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. शारीरिक शिक्षण निरीक्षक,
शिक्षण खाते, कोल्हापूर.

अर्जदार : आकाराम गुंडू साळोखे, वय ६३, मानधनावरील शिक्षक (मर्दानी खेळ), रा. शुक्रवार पेठ.

विषय : मर्दानी खेळांचा वर्ग बंद न करणेबाबत.
संदर्भ : मुख्याध्यापकांची नोटीस, ऑगस्ट १९८४.

महोदय,

१. अर्जदार शाळेत लाठी, बोथाटी, दांडपट्टा व फरी-गदगा शिकवतो. लाठी एकट्याला फिरवता येते. पट्टा फिरत असताना तर जवळ कोणी येऊच नये. फरी म्हणजे कातडी ढाल, गदगा म्हणजे चामडे चढवलेली काठी; त्यांचे तसे नाही. समोर माणूस लागतो. आधी सलामी द्यायची, समोरच्याने ती परत करायची, मग पहिला हात. सलामी परत आली नाही तर हात उचलायचा नाही, असे अर्जदाराच्या वस्तादांनी घालून दिले आहे.

२. अर्जदाराच्या समोर इतकी वर्षे कुरुंदवाडचे श्री. धनपाल मगदूम उभे राहत. शेतीची कामे आटोपून ते एस.टी.ने येत. गेल्या माघात ते वारले.

३. जूनमध्ये आठवीच्या मुलांना स्वसंरक्षणाच्या निरनिराळ्या प्रकारांचा परिचय करून देण्याचा कार्यक्रम झाला. कागलचे तरुण शिक्षक श्री. बाळासो इंगळे यांनी ज्युडो व कराटे दाखवले, हाताने कौल फोडले. टाळ्या पडल्या. अर्जदाराची लाठीही बरी झाली. फरी-गदग्याला समोर कोणी नव्हते. मुख्याध्यापक म्हणाले, "साळोखे, थोडक्यात आटपा." तेव्हा अर्जदाराने दुसरी फरी व्हॉलीबॉलच्या खांबाला अडकवली आणि खांबाला सलामी दिली.

मग अर्जदार उभा राहिला. नियमच तसा आहे. बराच वेळ उभा राहिला.

मागून एक मुलगा ओरडला, "वस्ताद, खांब हाय त्यो! हाणा की!" सगळे हसले. अर्जदारही हसला. पण हात उचलला नाही.

४. नोटिशीत लिहिले आहे की शिक्षकास प्रात्यक्षिक पूर्ण करता आले नाही, एकाही विद्यार्थ्याने नाव दिले नाही, सबब वर्ग गणपतीनंतर बंद. यातले काही खोटे नाही.

५. तरी अर्जदार रोज संध्याकाळी मैदानावर येऊन बसतो. हॉलमध्ये आता इंगळे सरांचा कराटेचा वर्ग चालतो. एकदा खिडकीतून पाहिले. मुले समोरासमोर उभी राहतात. एक वाकतो, समोरचाही वाकतो, मग सुरू करतात. एक मुलगा जोडीवाचून उरला, तेव्हा इंगळे सर स्वतः त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

६. इथे अर्जदार विषय बदलत आहे. वरचा खोडला नाही, कारण कागदावर कोर्ट फीचे तिकीट चिकटवून झाले आहे.

विषय (बदललेला) : अर्जदारास कराटे वर्गात विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळणेबाबत.

७. इंगळे सरांना विचारले. ते म्हणाले, "वस्ताद, तुमी माज्यासमोर वाकायचं? मला जमायचं न्हाई ते. आनि वर्ग आठवी ते धावीचा हाय." सून श्यामला म्हणते, "मामंजी, या वयात पांढरा लेंगा घालून पोरांत उड्या मारणार व्हय? पेठेत तोंड दाखवायचं हाय आम्हाला." दोघांचेही बरोबर आहे. म्हणून वरिष्ठांकडे अर्ज.

८. तरी वयाची अट शिथिल व्हावी. कराटेचा कमरपट्टा, प्रमाणपत्र नको. फी भरली जाईल. जोड्या लावताना अर्जदाराला वगळू नये, एवढेच.

९. नियमात बसत नसल्यास, आपल्या कार्यालयातील संध्याकाळी मोकळा असलेला कोणीही इसम मैदानावर पाठवावा. शिपाई असला तरी चालेल. खेळ येण्याची गरज नाही. सलामी कशी परत करायची ते अर्जदार दाखवील, आणि हात हळू घेईल.

उत्तराची वाट मैदानावरच पाहत आहे.

आपला नम्र,
आ. गुं. साळोखे
कोल्हापूर, २० ऑगस्ट १९८४

सोबत :
१. जन्मतारखेचा दाखला
२. नोटिशीची नक्कल
३. फरी एक, गदगा एक (दुसरा जोड अर्जदाराजवळ आहे)